पत्र्याची खोली आणि गोव्याचा पाऊस: मॉड्युलर घर टिकवायचे कसे

कारखान्यात तयार झालेली खोली ट्रेलरवरून येते, क्रेन ती पायावर ठेवते आणि दोन-चार दिवसांत आत दिवे लागतात. इथपर्यंत जाहिरात खरी असते. पुढे पहिल्या पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यात पिवळा डाग उमटतो, दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्क्रूच्या डोक्याखालून तांबूस ओघळ उतरू लागतात आणि तिसऱ्या वर्षी न्हाणीघराजवळची जमीन पायाखाली ढबढब वाजते. बाजारातले बरेच तयार आराखडे मुळात रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावरच्या साइट ऑफिससाठी आखलेले असतात: दोन-तीन वर्षे वापरायचे, मग उचलून न्यायचे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, सत्तरी-सांग्याच्या घाटाकडे त्याहून जास्त. किनाऱ्यावर हवेत मीठ असते आणि चार महिने भिंतीही घाम गाळतात. तोच आराखडा इथे आणायचा तर सांधे, छप्पर आणि तळ या तीन ठिकाणी तो बदलावा लागतो. खोलीच्या आतल्या सजावटीवरचे पैसे कमी करून या तीन ठिकाणी घातले तरी चालेल.

आधी कागद आणि रस्ता

नट-बोल्टची आहे, उद्या उचलता येईल, म्हणून परवाना लागत नाही, हा समज गावोगावी आहे आणि तो चुकीचा आहे. राहण्याची खोली पत्र्याची असो की चिऱ्यांची, जमिनीचा झोन, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला), नगर नियोजन खात्याची मंजुरी आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना हे सगळे लागते. ‘गोवा भूमी विकास आणि इमारत बांधकाम नियम, २०१०’ हेच इथेही लागू होतात. किनाऱ्यालगत सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) रेषा वेगळी पाहावी लागते. हंगामी शॅकला मिळणारी सवलत कायमच्या खोलीला मिळत नाही. खाजनात, म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेल्या सखल जमिनीत, तर विचारच करू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र लागतेच, तेव्हा इंजिनिअर ऑर्डर देण्यापूर्वीच सोबत घ्या. खोली आल्यावर बोलावलेला इंजिनिअर फक्त सही करू शकतो, सुधारणा करू शकत नाही.

मग रस्ता बघा. २.६ मीटरपेक्षा रुंद माल जादा मापाचा धरला जातो आणि त्याला वेगळा परवाना लागतो. तीन मीटर रुंदीची खोली बेळगावकडून चोर्ला किंवा अनमोड घाटाने आणायची असेल तर वाहतूकदाराशी वळणांबद्दल आधी बोलून घ्या. खरी अडचण मात्र शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर येते. वाड्यावरचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे, वर फणसाची फांदी आणि आडवी गेलेली विजेची तार. एक माणूस टेप घेऊन आणि एक जण उंच बांबू घेऊन हा रस्ता चालून या. ट्रेलरची फळी जमिनीपासून एक ते दीड मीटर, त्यावर खोली २.९ मीटर, म्हणजे ४.४ मीटरपर्यंत मोकळी उंची हवी. तार आडवी येत असेल तर वीज खात्याकडे काही दिवस आधी अर्ज करून त्या तासापुरता पुरवठा बंद ठेवून घ्या. काठीने तार उचलून धरण्याचा प्रकार सर्रास दिसतो, तो करू नका.

पूर्ण खोली, कंटेनर की पॅनेल

रस्ता रुंद असेल तर पूर्ण मॉड्यूल, म्हणजे अख्खी तयार खोली, आणा. आतले वायरिंग, नळ, न्हाणीघर कारखान्यातच बसते आणि तिथले काम साइटपेक्षा नेटके होते. रस्ता अरुंद असेल तर सांगाडा आणि पॅनेल सुटे आणून जागेवर जोडा. वेळ दीड-दोन आठवडे वाढतो, पण छोट्या टेम्पोत माल येतो आणि क्रेनही लहान चालते.

जुन्या कंटेनरचा मोह अनेकांना पडतो. तो घेण्यापूर्वी मापे पाहा. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद. आत रुंदी २.३५ आणि उंची २.३९ मीटर. भिंतींना दोन्हीकडून इन्सुलेशन आणि बोर्ड लावला की रुंदी २.२ मीटरवर येते. पलंग आडवा घातला की चालायला वाट उरत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर धरली आहे. ‘हाय क्यूब’ कंटेनरही आतून २.६९ मीटरच असतो, म्हणजे छताला इन्सुलेशन लावण्याआधीच तो कमी पडतो. गोदाम, दुकान, पंपाची खोली यांसाठी कंटेनर उत्तम. राहण्यासाठी घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कंटेनरची नागमोडी भिंत ही नुसती भिंत नसून तुळई आहे, त्यामुळे खिडकी-दार कापले की तिथे पोकळ चौकोनी नळीची चौकट वेल्ड करावीच लागते. शिवाय मूळ प्लायवूडच्या जमिनीला बहुधा कीटकनाशक पाजलेले असते. ती काढा किंवा पूर्ण झाका.

ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यायचे

‘हेवी ड्यूटी’, ‘कोस्टल क्वालिटी’ असल्या शब्दांना अर्थ नसतो. आकडे मागा:

- सांगाड्याच्या प्रत्येक नळीचे आणि चॅनेलचे माप व जाडी. तळाची चौकट वेल्डिंग आणि भोके पूर्ण झाल्यानंतर हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेली (वितळलेल्या जस्तात बुडवलेली). ५ मिमी व त्याहून जाड पोलादावर हा थर साधारण ८५ मायक्रॉन बसतो. आधी गॅल्व्हनाइझ करून मग वेल्ड केले तर नेमक्या सांध्यावरचाच जस्ताचा थर जळतो.
- पॅनेलची जाडी, पफची, म्हणजे दोन पत्र्यांमधल्या पॉलियुरेथेन फोमची, घनता (४० किलो प्रति घनमीटर) आणि दोन्ही पत्र्यांची जाडी (०.५ मिमी).
- छताच्या पत्र्यावरचा थर. ‘झेड २७५’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. समुद्र जवळ असेल तर अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा ‘एझेड १५०’ थर आणि त्यावर रंग, किंवा सरळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.
- जमिनीसाठी १८ मिमी सिमेंट बोर्ड किंवा आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय, खाली आडव्या पट्ट्या ४०० मिमी अंतरावर. ६०० मिमीवर ठेवल्या की जी ढबढब सुरू होते, ती नंतर थांबवता येत नाही.
- रिकाम्या खोलीचे वजन, उचलण्याच्या जागा आणि वजनाचा मध्य दाखवणारे चित्र.

पॅनेल आले की तोलून बघा. काटा किराणा दुकानातला चालेल. ५० मिमी पॅनेलच्या एका चौरस मीटरला ०.५ मिमीचे दोन पत्रे मिळून ७.८५ किलो आणि फोमचे सुमारे २ किलो, म्हणजे जवळपास १० किलो भरायला हवे. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब पॅनेल २९-३० किलोचे असते. ते २२-२३ किलो भरले तर पत्रा ०.३५ मिमीचा आहे असे समजा. मायक्रोमीटर फक्त कडेला लागतो आणि रंगाचा थरही मोजतो, काटा अख्ख्या पॅनेलचा हिशेब सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या कुठल्याही कारखान्याच्या यादीत सापडणार नाही. घरात चवथीचा गणपती बसणार असेल तर माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या) हुकांची जागा आत्ताच ठरवा. नारळ, तोरिंगे, सुपारीचे घोस, केळीचे घड बांधलेली लाकडी चौकट पॅनेलच्या छताला टांगली तर ०.५ मिमीच्या पत्र्यातून स्क्रू उपटून येतात, आणि उपटले नाहीत तरी छत पोटाशी झुकते. छताच्या वरच्या चौकटीला आडवी नळी वेल्ड करून १२ मिमीचे चार हुक कारखान्यातच बसवून घ्या. प्रत्येकावर १०० किलो टांगून तपासा. पंख्यांचे हुकही त्याच पद्धतीने, पॅनेलला नव्हे.

पाया: दबण्यापेक्षा उडण्याची काळजी

चिऱ्यांच्या घराचा पाया वजन पेलण्यासाठी असतो. पत्र्याच्या खोलीचा पाया तिला वाऱ्यात धरून ठेवण्यासाठी असतो, आणि हा फरक गवंड्याला समजावून सांगावा लागतो. आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. त्याचा दाब ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, म्हणजे सुमारे ९१० न्यूटन, बोलीभाषेत चौरस मीटरला ९३ किलो. ६ बाय ३ मीटर खोलीचे छप्पर १८ चौरस मीटर. वारा छपरावरून जाताना तेवढाच वर खेचतो असे धरले तर १.७ टन ओढ येते. रिकामी खोली स्वतः दोन-अडीच टनांची. वरवर ती पुरेशी जड वाटते, पण उघड्या माळावर, डोंगराच्या कडेला किंवा खिडकी उघडी राहून वारा आत शिरला तर ओढ बरीच वाढते, शिवाय बाजूचा दाब खोली कलंडवायला पाहतोच. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा किती झाडे आणि पत्रे आडवे झाले ते लोकांनी पाहिले आहे.

६ बाय ३ मीटरच्या खोलीला सहा पेडस्टल (काँक्रीटचे ठेंगणे खांब) धरा: चार कोपऱ्यांत, दोन लांब बाजूंच्या मध्यावर. चांगल्या जांभ्या जमिनीत ७५० बाय ७५० बाय २०० मिमीचा तळ आणि त्यावर ३०० बाय ३०० मिमीचा ९०० मिमी उंच खांब घेतला तर एका पायाचे वजन साधारण ४७० किलो होते, सहांचे पावणेतीन टनांच्या वर. वर माती दाबून भरली की आणखी भर पडते. आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. भरावाची, शेताची किंवा वाळूची जमीन असेल तर इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय खड्डा खणू नका. भाताच्या मळ्यात भर टाकून केलेली जागा दोन पावसाळे खचत राहते आणि एक पेडस्टल १० मिमी बसले तरी दोन मॉड्यूलमधला सांधा उघडतो.

समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडे राहणारे काँक्रीट आयएस ४५६ प्रमाणे तीव्र वर्गात येते: किमान एम ३० दर्जा, सळईवर ४५ मिमी आवरण, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. पेडस्टल लहान दिसते म्हणून मिस्त्री हातमिश्रणाने, अंदाजाने पाणी ओतून भरतो. मग पाच-सहा वर्षांत सळई फुगून कोपरे सुटतात आणि खोली ज्या बोल्टांवर धरलेली आहे तेच सैल होतात.

पेडस्टलचा माथा जमिनीपासून ४५० ते ६०० मिमी वर ठेवा. खाली माणूस सरपटत जाऊ शकला पाहिजे, कारण नळ गळला तर दुरुस्ती तिथूनच करायची असते. वाराही खेळतो, तळ वाळतो. कडेने स्टेनलेस जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि त्यांच्या मागोमाग साप येतील. चिऱ्यांनी चारही बाजू बंद करून देखणा जोता करण्याची इच्छा होते. करायचाच तर प्रत्येक बाजूला मोठे झरोके सोडा. पूर्ण बंद केलेल्या तळात पोलाद वरून नव्हे, खालून खाल्ले जाते.

माथ्यांची पातळी पाण्याच्या नळीने किंवा लेझरने जुळवा. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. कर्ण मोजा, दोन्हींत ५ मिमीच्या आत फरक हवा. वर १२ मिमीची प्लेट, चार एम १६ अँकर बोल्ट, खाली २५ मिमी न आकसणारा ग्राउट (फटीत ओतायचा पातळ सिमेंटचा भरणा). बोल्ट काँक्रीटमध्ये सोडताना प्लायची फळी भोके पाडून साच्यासारखी वापरा. डोळ्याने सोडलेले बोल्ट कधीच भोकात बसत नाहीत, आणि मग गॅसकटरने प्लेटचे भोक मोठे केले जाते.

उचलताना

१४ टनांची हायड्रा क्रेन म्हणजे बूम पूर्ण आखडलेला असतानाच १४ टन. कुंपणाच्या पलीकडून हात लांब करून ठेवायचे म्हटले की तिची ताकद एका चौथाईवरही येते. चालकाकडून लोड चार्ट मागा. क्रेनच्या चाकांपासून पेडस्टलपर्यंतचे अंतर आधी टेपने मोजा. सहा मीटरची सजवलेली खोली तीन-साडेतीन टन, बारा मीटरची सहा-सात टन धरा.

दोरखंडाचा कोन आडव्याशी ६० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. दोन दोरांनी उचलताना ६० अंशांवर प्रत्येक दोरावर वजनाचा ०.५८ हिस्सा येतो, ३० अंशांवर अख्खे वजन, आणि वर खोलीच्या छताची चौकट आत चिमटली जाते. लांब खोलीला स्प्रेडर बीम (दोर फाकवून धरणारी आडवी तुळई) लावाच. न्हाणीघर एका टोकाला असले तर ते टोक जड असते. उचलताच खोली तिकडे झुकते आणि आतल्या टाइल्स तिथेच तडकतात. म्हणून न्हाणीघरात सिमेंटच्या थरावर टाइल्स नकोत, लवचिक अ‍ॅडेसिव्हवर हव्यात, किंवा खोली बसल्यावरच लावाव्यात.

सांधे

घर गळते ते इथे. दोन मॉड्यूल शेजारी ठेवली की मध्ये १० ते २० मिमी फट राहते, राहू द्या. बारा मीटर लांबीचे पोलाद रात्रीच्या आणि दुपारच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर सव्वाचार मिमी लांब-आखूड होते. मार्चच्या दुपारी पत्र्याला हात लावून बघा म्हणजे ३० अंश कमीच वाटतील. फट सिलिकॉनने भरून टाकली की ते सिलिकॉन रोज ताणले आणि दाबले जाते आणि पहिल्या उन्हाळ्यातच एका कडेने सुटते. सुटलेली चीर केसाएवढी असते, दिसत नाही, पण पाणी ओढून घ्यायला तेवढी पुरते.

क्रम असा: फटीत ईपीडीएमची पोकळ रबरी पट्टी दाबून बसवा. ती वारा आणि कीटक अडवते, पाणी अडवण्याचे काम तिच्यावर सोडू नका. छतावर दोन्ही मॉड्यूलच्या कडा किमान ५० मिमी वर वळवलेल्या हव्यात. या उभ्या कडांवर उलट्या यू आकाराची टोपी बसते, खाली दोन्ही बाजूंना ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). टोपी एकाच बाजूला स्क्रूने पक्की करा, दुसरी बाजू सरकती ठेवा. उभ्या सांध्यावर बाहेरून पट्टी, तिचे खालचे टोक बाहेर वळवलेले, म्हणजे थेंब सुटून पडेल, भिंतीला चिकटून मागे जाणार नाही. वरची पट्टी नेहमी खालच्यावर चढलेली हवी, कौलांसारखी. हे सांगायला सोपे आहे, पण घाईत लावलेल्या कामात उलट चढवलेली पट्टी हमखास सापडते.

स्क्रूकडे जवळून बघा. छतावरचा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहते त्या खोबणीत नव्हे. तो काटकोनात शिरला पाहिजे. वॉशरखालचे काळे रबर धातूच्या टोपीच्या कडेबाहेर किंचित डोकावले की थांबा. रबर पसरून फुटले तर जास्त आवळला, अजिबात दिसले नाही तर सैल. ड्रिल मशीनचा क्लच लावला की हे आपोआप जमते, मनगटाच्या अंदाजाने दिवसभरात शंभर स्क्रू बिघडतात. स्वस्त पिवळ्या जस्ताचे स्क्रू किनाऱ्याजवळ दोन वर्षेही देखणे राहत नाहीत. पत्रा बनवणारी कंपनी ज्या वर्गाचा जाड थर सांगते तेच घ्या. अ‍ॅल्युमिनियम-झिंकच्या पत्र्यावर साधे स्टेनलेसचे स्क्रू थेट टेकवणे टाळा, दोन धातूंच्या संगतीत पत्राच आधी जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर स्टेनलेस ३१६ चालते. याच कारणाने एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारे पाणी छतावर पडू देऊ नका.

पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्यांतून उडालेला लोखंडी कीस छतावर चिकटतो आणि आठवड्यात ठिपके गंजतात. मग मालक म्हणतो नवीन पत्रा गंजला. कात्रीने किंवा निबलरने कापा आणि संध्याकाळी छत मऊ झाडूने झाडून खाली उतरा.

आतला बोर्ड लावण्यापूर्वी पाण्याची परीक्षा घ्या. पाइपने खालच्या सांध्यापासून सुरुवात करून वर सरका, प्रत्येक सांध्यावर १५-२० मिनिटे, आत एक जण टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर सगळीकडे एकदम ओले होते आणि गळती कुठली ते कळत नाही.

दुसरे छप्पर

गोव्यात मॉड्युलर खोलीवर स्वतंत्र उतरते छप्पर हवेच, असे आमचे स्पष्ट मत आहे. सपाट छताची खोली चित्रात छान दिसते, इथे तिचे आयुष्य गाळ उपसण्यात जाते. खोलीच्या माथ्यापासून किमान ३०० मिमी वर, दोन्ही टोके मोकळी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते आणि पावसाचा ताशा थेट डोक्यावर वाजत नाही. पत्र्याला १० ते १५ अंश उतार पुरतो. मंगळुरी कौले घालायची तर उतार जास्त लागतो आणि वजनही: चौरस मीटरला १५-१६ कौले, भिजल्यावर आणखी जड.

वळचण चारही बाजूंना ९०० मिमी बाहेर काढा. मग ६ बाय ३ च्या खोलीवरचे छप्पर ७.८ बाय ४.८, म्हणजे ३७ चौरस मीटर होते आणि मघाचा वाऱ्याचा हिशेब साडेतीन टनांवर जातो. वळचणीला वारा खालूनही ढकलतो. म्हणून या छपराला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया द्या, खोलीच्या पॅनेलवर ते टेकवू नका. खांब थोडे बाहेर घेतले तर समोर बसायला पडवीसारखा सोपा आपसूक मिळतो.

पन्हळीचे गणित: तासाला १०० मिमी पाऊस आणि हे ३७ चौरस मीटर छप्पर म्हणजे सेकंदाला सुमारे एक लिटर. जोरदार सरीत दीडपट धरा. ११० मिमीचा एक पाइप हे पाणी नेऊ शकतो, तरी दोन लावा, कारण एकात झावळीचा तुकडा अडकणारच. माडाखाली तर खोली ठेवूच नका. उंचावरून पडलेला नारळ पत्र्यात खळगा करतो, खळग्याच्या कडेला रंग फुटतो आणि गंज तिथून सुरू होतो.

घाम

जुलैत बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी व्हायला लागते ते तापमान, २६ अंशांच्या आसपास असतो. आत एसी २२ वर. म्हणजे एसीच्या खोलीला लागून असलेला, २६ पेक्षा थंड झालेला प्रत्येक पोलादी भाग बाहेरच्या हवेतून पाणी ओढतो. छत गळते म्हणून केलेल्या तक्रारींत कित्येकदा पावसाचा थेंबही नसतो, हा घाम असतो. ओळखायची खूण सोपी आहे: पाऊस थांबूनही एसी चालू असताना थेंब पडत राहिले तर तो घाम.

थंड देशांच्या पुस्तकांत बाष्परोधक थर आतल्या बाजूला सांगितलेला असतो. इथे तो बाहेरच्या बाजूला हवा, कारण ओल बाहेरून आत येते. पफ पॅनेलचा बाहेरचा पत्रा स्वतःच असा थर आहे, फक्त पॅनेलचे जोड ब्युटाइलने बंद हवेत. आत पुन्हा प्लास्टिक किंवा विनाइल वॉलपेपर लावला तर शिरलेली ओल मध्येच अडकते आणि बुरशी धरते. आत-बाहेर सलग जाणारी नळी किंवा अँगल जिथे असेल तिथे आतून १० मिमी नायट्राइल रबराची पट्टी गुंडाळा. एसी २५-२६ वर ठेवा.

उष्णतेसाठी ५० मिमी पफ भिंतीला पुरतो (यू मूल्य, म्हणजे उष्णता आरपार जाण्याचे माप, ०.४३ च्या आसपास; कमी तितके चांगले), छताला ८० मिमी घ्या (०.२७). त्याहून जाड करण्यापेक्षा पश्चिमेची भिंत सावलीत ठेवणे स्वस्त पडते. स्वयंपाकघराची शेगडीमागची भिंत मात्र पफची नको. पफ जळतो आणि काळा, विषारी धूर सोडतो. तिथे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनेल वापरा. उष्णता ते थोडी जास्त आत सोडते, पण पेट घेत नाही. वायर सगळ्या कंड्युटमधून, पॅनेलच्या कडेला रबरी बुश लावून, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते आणि अख्खी खोलीच विजेची होते. म्हणूनच प्रत्येक मॉड्यूलचा सांगाडा तांब्याच्या पट्टीने एकमेकांना आणि दोन स्वतंत्र अर्थ पिटना जोडा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंगचा रोध मे महिन्यात मोजा. जांभ्या जमिनीची ओल तेव्हा सर्वांत कमी असते, पावसात घेतलेले रीडिंग फसवे असते.

वेळ आणि निगा

ऑर्डर दिवाळीच्या सुमारास, पाया जानेवारी-फेब्रुवारीत, खोली मार्चमध्ये, वरचे छप्पर १५ मेपूर्वी. मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात टेकतो आणि त्याआधीच्या वळवाच्या सरी उघडे सांधे शोधूनच काढतात.

दर मे महिन्यात पन्हळी साफ करा, स्क्रूची रबरे तपासा, अँकर बोल्ट आवळा. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की खोली गोड्या पाण्याने धुवा. छपराच्या उघड्या भागापेक्षा वळचणीखालच्या भिंती आणि तळाची चौकट जास्त धुवा: उघड्या भागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाचे तसेच बसून राहते, आणि गंजाचा पहिला डाग तिथेच उगवतो. डाग दिसला की तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा, त्याच दिवशी झिंक-रिच प्रायमरचे दोन हात द्या आणि वाळल्यावर वर रंग. प्रायमर दुसऱ्या दिवसावर ढकलला तर रात्रीच्या खाऱ्या हवेत घासलेल्या जागेवर तांबूस झाक चढते आणि सकाळी पुन्हा घासावे लागते.